केबिनच्या खिडकीतून

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो की सिनेमा भीतीचा आहे, विज्ञानाचा आहे की जादूचा, हे मला पडद्याकडे न बघता नुसत्या प्रेक्षकांच्या पाठमोऱ्या डोक्यांवरून सांगता येतं. ३१ वर्षं ऑपरेटर म्हणून थिएटरच्या केबिनमध्ये काढली. काचेच्या एका चौकोनातून सिनेमा बाहेर जायचा, शेजारच्या चौकोनातून मी बघायचो. भीतीचा सिनेमा असला की डोकी खुर्चीत खाली सरकतात आणि दोन-दोन, तीन-तीनच्या गठ्ठ्यांनी एकमेकांकडे झुकतात. अंतराळातला असला की डोकी सुटी सुटी होतात, माना वर. जादूचा असला की पोरं उभी राहतात, मागचे लोक ‘ए, बस खाली’ म्हणून ओरडतात आणि ओरडता ओरडता स्वतःच अर्धे उठतात. एवढं वाचून संपादकांनी तुमच्याकडून प्रश्न मागवले, आणि पिशवीभर आले. सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही. ज्यांची पत्रं राहिली त्यांनी रागावू नये.

काका, मला भयपटांची भयंकर भीती वाटते. तोंडावर उशी धरून बघते, रात्री दिवा लावून झोपते आणि पुढच्या शनिवारी पुन्हा नवा लावते. माझं काही बिघडलंय का? — उशीवाली

काही बिघडलेलं नाही. फक्त उशी चुकीच्या जागी धरतेस. ती कानांवर धर.

केबिनमध्ये एक छोटा स्पीकर असतो, हॉलमधला आवाज ऑपरेटरला कळावा म्हणून. यंत्राच्या घरघरीत तो मला नकोसा व्हायचा, मी बंद करून टाकायचो. मग पडद्यावर दार उघडतंय, बाई जिना चढतेय, कोणी तरी वळून बघतंय. मला काहीच वाटायचं नाही, आणि खाली चारशे डोकी खुर्चीत गडप! पुष्कळ वेळा तर पडद्यावर नुसता रिकामा जिना असायचा.

१९४२ साली ‘कॅट पीपल’ नावाचा एक कमी पैशांतला सिनेमा आला. निर्माता व्हॅल ल्यूटन, दिग्दर्शक झाक तुर्नर. एक बाई रात्री फुटपाथवरून चाललीय. मागे दुसऱ्या बाईच्या टाचांचा आवाज, आणि ही दुसरी जनावर होते असा संशय. मग तो आवाज थांबतो. आता मागे बाई नाही, तर काय आहे? पहिली बाई पावलं उचलते, झाडांत काही हलतं, आणि एकदम कानाशी फिस्सकन आवाज येतो. बस! खरोखरची बस, दार उघडून समोर उभी. त्या प्रसंगात जनावर येतच नाही. तेव्हापासून या युक्तीला सिनेमावाले ‘बस’च म्हणतात. ‘जॉज’मध्ये (१९७५) हाच प्रकार नाइलाजाने झाला. यांत्रिक शार्क समुद्राच्या खाऱ्या पाण्यात सारखा बिघडायचा, म्हणून दिग्दर्शक स्पीलबर्गने तो दाखवायचाच कमी केला आणि त्याच्या जागी संगीतकार जॉन विल्यम्सचे दोन सूर ठेवले. शार्क चालला असता तर तो सिनेमा निम्माही चालला नसता, असं माझं मत आहे.

आता तू पुन्हा पुन्हा का बघतेस ते. डेन्मार्कमधल्या ऑर्हूस विद्यापीठातले काही संशोधक याच विषयाच्या मागे आहेत. भुताच्या घराचा खेळ असतो ना, त्यात शिरणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके त्यांनी मोजले. भीती फार कमी झाली की लोकांना कंटाळा येतो, फार झाली की नको होतं. मजा येते ती मधल्या पट्ट्यात. तुझी उशी म्हणजे तो पट्टा सांभाळायचं बटण आहे. किती बघायचं ते तू ठरवतेस.

आणि एक धंद्यातली गोष्ट सांगतो. रिळाच्या सिनेमात सेकंदाला २४ चित्रं पडद्यावर यायची. एक चित्र सरकून दुसरं येताना दिसू नये म्हणून मध्ये शटर फिरायचं आणि उजेड अडवायचं. म्हणजे थिएटरातला प्रेक्षक सिनेमाचा जवळजवळ निम्मा वेळ काळ्याकुट्ट पडद्याकडे बघत बसलेला असायचा आणि त्याला पत्ता नसायचा. त्या निम्म्या वेळात जे दिसलं असं त्याला वाटतं, ते त्याचं त्यानेच भरलेलं असतं. भयपट त्या अंधारावरच पोट भरतो.

मी पदार्थविज्ञान शिकवते. अंतराळात यान फुटल्यावर ‘धडाम्’ आवाज आला की माझा सिनेमा तिथेच संपतो. हवाच नाही तर आवाज कुठून? घरचे हल्ली मला शेजारी बसू देत नाहीत. — निर्वात पोकळी

बाई, तुमचं बरोबर आहे आणि घरच्यांचंही.

माझा स्वतःचा एक नियम आहे: एका सिनेमाला एक थाप माफ. दुसरी मारली की तिकिटाचे पैसे परत. ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ घ्या. १९६८ चा, म्हणजे माणूस चंद्रावर उतरायच्या आधीचा. त्यातली थाप एकच, विचार करणारा संगणक. बाकी सगळं दिग्दर्शक कुब्रिकने तुमच्यासारख्या बाईंना घाबरून केल्यासारखं आहे. यान फिरतं ठेवून आत वजन निर्माण करायचं, तर त्यासाठी खरंच फिरणारं प्रचंड चाक बांधलं आणि नटांना त्यात पळवलं. बाहेर माणूस मरतो तेव्हा आवाज नाही. संगीत नाही, किंकाळी नाही, काही नाही. तो प्रसंग लागला तेव्हा मला वाटलं साउंड गेला. हात अँप्लिफायरकडे गेला होता! खाली मात्र कोणी शिट्टी मारली नाही, ‘आवाऽज’ म्हणून ओरडलं नाही. त्या हॉलमध्ये तसं पुन्हा कधी झालं नाही.

त्याच संगणकाला शेवटी बंद करतात तेव्हा तो एक जुनं गाणं म्हणत म्हणत विझतो. हेही हवेतून आणलेलं नाही. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत एका आयबीएम संगणकाकडून तेच गाणं म्हणवून घेतलं होतं आणि लेखक आर्थर क्लार्क यांनी ते तिथे जाऊन ऐकलं होतं.

‘स्टार वॉर्स’मध्ये (१९७७) मात्र अंतराळयानं विमानांसारखी वळतात, गिरक्या घेतात. कारण त्या लढाया रचताना दिग्दर्शक जॉर्ज लुकसने दुसऱ्या महायुद्धातल्या हवाई लढायांची चित्रफीत समोर ठेवली होती. पण बाई, तो विज्ञानपट नाहीच हो. डोक्यांवरून सांगतो: पोरं उभी राहत होती. तलवार आहे, म्हातारा गुरू आहे, राजकन्या आहे. जादूच्या सिनेमाकडून निर्वात पोकळीचा हिशेब मागू नका.

आणि त्या उजेडाच्या तलवारीची ‘हुंऽऽ’ अशी घूं घूं आठवते? बेन बर्टने ती बनवली. विद्यार्थी असताना तो सिनेमाचे प्रोजेक्टर चालवायचा. नुसत्या चालू ठेवलेल्या प्रोजेक्टरच्या मोटारीचा आवाज त्याच्या डोक्यात होता, त्यात त्याने टीव्हीच्या नळीची गुणगुण मिसळली. जगभरची पोरं काठ्या फिरवत तोंडाने जो आवाज काढतात, तो माझ्या केबिनचा आवाज आहे. मला हे कळलं तेव्हा मी निवृत्त झालो होतो. आधी कळलं असतं तर पगारवाढ मागितली असती.

मुलगा नऊ वर्षांचा आहे. ‘भुताचा दाखव’ म्हणून मागे लागलाय. मित्रांनी बघितलेत म्हणे. दाखवू का? ‘हे सगळं खोटं असतं’ असं सांगून उपयोग होईल? — एक आई

ताई, ‘खोटं असतं’ याचा काडीचा उपयोग होत नाही. त्याला ते माहीतच असतं. कसं खोटं असतं हे सांगा.

माझ्या नातीने ‘झपाटलेला’ बघितला आणि त्या रात्री घरातल्या सगळ्या बाहुल्यांची तोंडं भिंतीकडे करून ठेवली. मी तिला म्हटलं, अगं तात्या विंचू हा रामदास पाध्ये यांनी केलेला बाहुला आहे, त्याला हलवायला माणसं लागतात. मग उशीच्या खोळीत हात घालून आम्ही दोघांनी एक भूत केलं. तिने ते भूत माझ्यावरच सोडलं. दुसऱ्या दिवशी बाहुल्या सरळ झाल्या, एक सोडून. तिचं मी काही विचारलं नाही.

वयापेक्षा मूल बघा. काही पोरं राक्षसाला हसतात आणि आई हरवली की रडून गोंधळ घालतात. लहानांना दात आणि नखं जेवढी घाबरवत नाहीत, तेवढं आपलं माणूस बदलणं घाबरवतं. जपानी ॲनिमेशनवाले मियाझाकी, त्यांच्या ‘स्पिरिटेड अवे’मध्ये (२००१) सुरुवातीलाच मुलीचे आईवडील खाता खाता डुक्कर होतात. त्या दृश्याला तुमचा मुलगा कुठे बघतो ते पाहा. पडद्याकडे बघत राहिला तर पुढचं झेपेल. तुमच्याकडे बघायला लागला तर त्याच मियाझाकींचा ‘माय नेबर टोटोरो’ लावा आणि वर्षभर थांबा.

पहिल्यांदा बघताना शेजारी बसा. मोबाइल बाजूला ठेवून.

आजोबा, राग मानू नका, पण तुमच्या काळातले भुताचे आणि राक्षसांचे सिनेमे बघवत नाहीत. मातीचे गोळे हलतात, दोऱ्या दिसतात. एवढं नकली कसं आवडायचं तुम्हाला? — फोर-के

राग कसला. दोऱ्या आम्हालाही दिसायच्या.

१९१९ साली दादासाहेब फाळक्यांनी ‘कालिया मर्दन’ काढला. त्यात कृष्ण झालीय त्यांची मुलगी मंदाकिनी. सिनेमा सुरू होताना आधी ती आपल्या साध्या रूपात नाना हावभाव करून दाखवते, मग कृष्ण होते. म्हणजे फाळके सरळ सांगतात, ही माझी मुलगी आहे, ती अभिनय करतेय. आणि एवढं सांगून झाल्यावर तिला नागाच्या फण्यावर नाचवतात! लोकांनी मानलं. नकली ओळखता येत नव्हतं असं नव्हे. मानायचं की नाही ते त्यांनी ठरवलं होतं.

‘किंग काँग’ (१९३३) बघ एकदा. विलिस ओब्रायन एका छोट्या बाहुल्याला एकेका चित्रासाठी कणाकणाने हलवायचे. हलवताना बोटं लागून त्याची लव विस्कटायची, त्यामुळे पडद्यावर काँगची फर सारखी थरथरते. ही चूक आहे. पण प्रेक्षकांना वाटलं, राक्षस चिडलाय, अंगावर काटा आलाय. तुझ्या संगणकावर ही चूक होणारच नाही, याचंच मला वाईट वाटतं.

संगणकाशी माझं वैर नाही बरं का. पण सगळ्यांत किळसवाणी चाल कुठली म्हणशील तर जपानी ‘रिंगू’ (१९९८) मधली. टीव्हीतून केसाळ बाई बाहेर येते ती. तिथे संगणक नाही, त्या नटीला उलटं चालायला लावलं आणि फिल्म उलटी फिरवली. हे रीळ उलटं लावणं आमच्याकडे कोणालाही चुकून जमायचं, फक्त त्याचे आम्हाला पैसे मिळाले नाहीत.

‘तुंबाड’ तर तुझ्याच काळातला. राही अनिल बर्वे यांनी कितीतरी पावसाळे थांबून खऱ्या पावसात तो चित्रित केला. २०१८ मध्ये आला तेव्हा बेताचा चालला, २०२४ मध्ये पुन्हा लावला तर पहिल्यापेक्षा जास्त कमाई केली. सहा वर्षांनी तेच रीळ, तोच पाऊस. मग बदललं कोण?

तुमचा सर्वांत आवडता कोणता? एकच सांगा, पळवाट नको. — दोन भाऊ

‘फ्रँकेन्स्टाइन’, १९३१. दिग्दर्शक जेम्स व्हेल. सुरुवातीच्या नामावलीत राक्षसाच्या नावापुढे नटाचं नाव नाही, नुसतं प्रश्नचिन्ह. तो नट म्हणजे बोरिस कार्लोफ.

एका फिल्म सोसायटीसाठी मी त्याची जुनी प्रिंट चालवत होतो. राक्षस पळून तळ्याकाठी येतो. तिथे एक लहान मुलगी खेळतेय, ती त्याला घाबरत नाही. त्याला फुलं देते, दोघं एकेक फूल पाण्यात टाकतात, फुलं तरंगतात. तो हसतो. त्या पूर्ण सिनेमात तो एवढाच सुखी दिसतो. फुलं संपतात. तो रिकाम्या हातांकडे बघतो, मग हात तिच्याकडे नेतो, आणि खाट्‌कन पुढचा प्रसंग. थोड्या वेळाने मुलीचा बाप तिचं प्रेत हातांवर घेऊन गावातून चालत येतो.

मला वाटलं, प्रिंट तुटलीय आणि कोणी तरी घाईत जोडताना तुकडा फेकलाय. खेळ संपल्यावर रीळ उतरवलं, बोटांनी चाचपत सांधा शोधला. ऑपरेटरला सांधा बोटाला लागतो, डोळे मिटून. सांधा नव्हताच! प्रिंट आलीच तशी होती. मधला तुकडा फार क्रूर म्हणून पूर्वीच कापलेला होता.

मी बरीच वर्षं त्या कापलेल्या जागेत काय असेल याचा विचार केला. जे जे सुचलं ते लिहिण्यासारखं नाही. १९८०च्या दशकात तो तुकडा परत जोडला गेला आणि पुढे कधी तरी मला तो बघायला मिळाला. काय असावं त्यात? फुलं तरंगली तशी हीही तरंगेल, असं वाटून तो तिला पाण्यात टाकतो. ती बुडते. तो गोंधळतो, पाण्यात हात मारतो, कावराबावरा होऊन पळतो. बस एवढंच. त्याला कळलंच नाही.

लोकांच्या मनाला त्रास नको म्हणून कात्री लावली, आणि त्या कात्रीने एका अडाणी जिवाचा नराधम केला. ते पाप माझ्या डोक्यात झालं होतं, त्याने केलं नव्हतं. त्याची माफी मागावीशी वाटली मला, एका काळ्यापांढऱ्या राक्षसाची. म्हणून हा सिनेमा.

(धाकट्याला दाखवताना तुकडा जोडलेलीच प्रत दाखवा.)

कालप्रवासाचे सिनेमे डोक्यावरून जातात. कागद-पेन घेऊन बसावं का? — वेळ नाही

कागद-पेन नको. एकदा माझ्या हातून एका भयपटाची चौथी आणि पाचवी रिळं उलटसुलट लागली. डब्यावरचा आकडा पुसला होता. भूत आधी मेलं आणि मग नायिकेला पहिल्यांदा दिसलं. मी केबिनमध्ये घामाघूम. खेळ सुटल्यावर दोघं-तिघं जिन्यात म्हणत होते, शेवट काय फिरवलाय बघ!

क्रम कळणं एवढं महत्त्वाचं नसतं. क्रिस मार्करचा ‘ला झेते’ (१९६२) २८ मिनिटांचा आहे आणि जवळजवळ सगळा स्थिर छायाचित्रांचा. एकाच ठिकाणी चित्र हलतं: झोपलेली बाई डोळे उघडते. काळ म्हणजे काय ते मला त्या दोन-तीन सेकंदांत जेवढं कळलं, तेवढं आकृत्या काढून कळलेलं नाही. कोडीच आवडत असतील तर ‘प्रायमर’ (२००४) आहे, सुमारे ७,००० डॉलरमध्ये केलेला. तो मला तीनदा बघूनही कळला नाही.

या असल्या सिनेमांत काही अर्थ शोधायचा असतो का? मला तर नुसता टाइमपास वाटतो. — स्पष्टवक्ता

टाइमपास करा ना, कोण नको म्हणतंय.

फक्त एक ऐका. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बाँब फोडला. किरणोत्सर्गी राख दूरवरच्या एका जपानी मासेमारी बोटीवर पडली. २३ जण होते. बोटीवरचा रेडिओवाला सप्टेंबरमध्ये वारला. नोव्हेंबरात इशिरो होंडांचा ‘गोजिरा’, म्हणजे आपला गॉडझिला, पडद्यावर आला. पहिल्याच प्रसंगात समुद्रात लख्ख उजेड होतो आणि एक बोट जळते. त्या थिएटरात बसलेल्या माणसाला अर्थ शोधावा लागला नसेल. आपण आज बघतो तेव्हा आपल्याला रबराच्या पोशाखातला माणूस दिसतो. त्याची डरकाळी संगीतकार इफुकुबे यांनी काढली, मोठ्या डबल बास वाद्याच्या सैल केलेल्या तारेवर राळ लावलेला चामड्याचा हातमोजा घासून. ती ऐका. जनावर ओरडतंय असं वाटत नाही मला, काही तरी फाटतंय असं वाटतं.

वय ६७. नातवंडांबरोबर पऱ्या, जादूगार, बोलणारी झाडं बघत बसते. सून हसते. खरं सांगा, हे आमच्या वयाला शोभतं का? — आजी

आजी, सुनेला मध्ये बसवा. हसणं दहा मिनिटांत थांबेल.

१९३९ चा ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ सुरुवातीला तपकिरी छटेत आहे. वादळात घर उडतं, दुसऱ्याच देशात पडतं. मुलगी आतून दार उघडते आणि बाहेर सगळं रंगीत. एका चौकटीत आतली बाजू तपकिरी, बाहेरची रंगीत, हे कसं केलं? ते दृश्य सगळंच रंगीत फिल्मवर घेतलं. घराच्या आतल्या भिंती तपकिरी रंगवल्या, तसेच कपडे घातलेली दुसरी मुलगी दार उघडायला उभी केली. ती चौकटीबाहेर सरकते आणि निळ्या झग्यातली ज्युडी गार्लंड पुढे येते. मला हे सगळं माहीत आहे. तरी दार उघडलं की माझा हात आपोआप खुर्चीच्या दांड्यावर घट्ट होतो. माहीत असूनही होतो. मग वयाने काय फरक पडणार?

एक मात्र बघत जा. चांगल्या जादूच्या सिनेमात जादूला अट असते. ‘मिस्टर इंडिया’तला माणूस अदृश्य होतो, पण लाल उजेडात दिसतो, त्या एका लाल रंगावर सगळी गंमत उभी आहे. ‘पॅन्स लॅबिरिंथ’मध्ये (२००६) मुलीला ताकीद असते, या टेबलावरचं काही खायचं नाही. आणि ती दोन द्राक्षं खाते. समोर बसलेला, हाताच्या तळव्यांत डोळे असलेला तो प्राणी मग जागा होतो. (हा नातवंडं झोपल्यावर बघा. सुनेबरोबर.) जिथे कांडी फिरवली की काहीही होतं, तिथे मला पाच मिनिटांत झोप येते. अशा सिनेमाला डोकीही वर उठत नाहीत, मी बघितलंय.

आमच्या गटात मला आवडलेला सिनेमा सगळे टुकार ठरवतात. काय करू? — एकटा

थांब. २५ जून १९८२ रोजी अमेरिकेत एकाच दिवशी ‘ब्लेड रनर’ आणि ‘द थिंग’ लागले. दोन आठवडे आधी ‘ई.टी.’ लागला होता आणि लोक त्या गोड पाहुण्यावर इतके लुब्ध होते की ‘द थिंग’मधला माणसाचं रूप घेणारा परका जीव कोणाला नको होता. दोन्ही सिनेमे पडले. आज ते पाहिले नाहीत असं सांगायला सिनेमाचे विद्यार्थी लाजतात. तुझाही असेल तसा. नसला तरी तुला आवडलाय ना?

तुम्हाला स्वतःला कधी भीती वाटली? — नाव नको

एकदा.

नवी प्रिंट आली की आदल्या रात्री ती चालवून बघायची पद्धत होती, कुठे सांधा सुटलाय का, भोकं फाटलीत का. रिकाम्या हॉलमध्ये, रात्री बारानंतर. केबिनमध्ये मी एकटा. सिनेमा भुताचाच होता; पण म्हटलं ना, माझा स्पीकर बंद, त्यामुळे मला काय त्याचं. वरच्या उजव्या कोपऱ्यात गोल टिपका दिसला की दुसरं यंत्र सुरू करायचं, दुसरा टिपका दिसला की पालटायचं, एवढंच काम. टिपक्यासाठी मी काचेशी डोळा लावला.

बाल्कनीत चौथ्या रांगेत एक डोकं.

आता रिकाम्या हॉलमध्ये माणूस दिसला तर माणूस दचकतोच, ते सोडा. मी दचकलो आणि सावरलो. पण मग बघत राहिलो. पडद्यावर सगळ्यांत भीतीचा भाग चालू होता, हॉलमधला स्पीकर तर चालूच होता. आणि ते डोकं खाली सरकत नव्हतं. इतक्या वर्षांत मी हजारो डोकी बघितली, शूर म्हणवणाऱ्यांचीही बघितली. त्या जागेला बोटभर तरी खाली जात नाही असं डोकं मी बघितलेलं नव्हतं. वर होत नव्हतं, झुकत नव्हतं. टिपका आला आणि गेला, यंत्र पालटायचं राहिलं, रीळ सुटून शेपूट फटाफट वाजायला लागलं, पडदा पांढरा झाला. त्या पांढऱ्या उजेडातही डोकं तसंच.

बॅटरी घेऊन खाली गेलो. पाय लटपटत होते हे कबूल करतो. आमचा डोअरकीपर होता, खुर्चीत मान ताठ ठेवून गाढ झोपलेला. दिवसभर उभं राहायची सवय, झोपेतही मान पडत नव्हती. खांद्याला हलवला तर डोळे न उघडता म्हणाला, “भूत मेलं का?”

मी म्हटलं, अजून एक रीळ आहे.

“मग झाल्यावर उठव,” म्हणाला, आणि पुन्हा झोपला.